जिल्हा जळगाव, मग आपण जळगावात का राहत नाही? (पाच वर्षांच्या मुलाला घरी भूगोल शिकवण्याबाबत)

प्रश्न: केळीच्या बागेशेजारून, यावल तालुका

माझा मुलगा नुकताच पाच वर्षांचा झाला असून तो बालवाडीच्या मोठ्या गटात जातो. आमचे गाव यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आहे आणि पावसाळा संपला की गच्चीवरून सातपुडा अगदी स्वच्छ दिसतो. मुलाचे वडील नोकरीनिमित्त सुरतेला असतात व महिन्या-दीड महिन्यातून एकदा घरी येतात. त्यामुळे सुरत कुठे आहे, हा प्रश्न आमच्या घरात जवळजवळ रोज निघतो. त्याला घरीच थोडा भूगोल शिकवावा असे माझ्या मनात आले, ते मुख्यतः त्यामुळेच.

मी सुरुवात चारचौघांसारखीच केली. महाराष्ट्राचा आणि भारताचा असे दोन नकाशे आणून भिंतीवर लावले आणि गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश ही नावे त्याच्याकडून पाठ करून घेतली. पाहुणे आले की तो ती धडाधड म्हणून दाखवतो आणि कौतुकही करून घेतो. परंतु मागच्या आठवड्यात त्याने विचारले, "आपण आजीकडे जळगावला जातो, म्हणजे आपण जळगावात राहत नाही. मग आपला जिल्हा जळगाव कसा?" मी जिल्हा म्हणजे काय हे सांगू लागले आणि दोन वाक्यांतच माझ्या लक्षात आले की मला ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्याहून अवघड होता: "पप्पा गुजरातमध्ये आहेत ना? मग ते भारतात कधी येणार?"

तिसरा प्रश्न नकाशासमोर उभा असताना आला. तापीची निळी रेघ त्याने बोटाने गिरवली आणि म्हणाला, "पाणी तर खाली जाते. ही नदी आडवी कशी चालली?" यावर मी हसून वेळ मारून नेली, याचे मला आता वाईट वाटते.

या वयाच्या मुलाला या गोष्टी समजू शकतात का, की मी घाई करत आहे? समजू शकत असतील तर सुरुवात कोठून करावी? आमच्याकडे अंगण आहे, वेळ आहे, पण महागडे साहित्य विकत घेण्याची माझी तयारी नाही.

उत्तर: एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, अमळनेर

ताई, आपल्या मुलाचे प्रश्न वाचून आनंद झाला, कारण नावे पाठ झालेली मुले सहसा प्रश्न विचारायचे थांबतात. याचा पहिला प्रश्न तर आपल्या प्रशासनालाच विचारावा असा आहे. शहराचे नाव जिल्ह्याला देण्याच्या पद्धतीमुळे हा घोळ होतो. 1906 साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून 1960 पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्व खान्देश होते आणि धुळ्याकडच्या भागाला पश्चिम खान्देश म्हणत. त्या काळच्या एखाद्या पाच वर्षांच्या मुलाला ही अडचण आलीच नसती. आपल्याकडे तर तालुक्याचे नावही यावल आणि गावाचे नावही यावल, म्हणजे बिचाऱ्याची दुहेरी पंचाईत.

दुसरा प्रश्न मात्र वयाचा आहे आणि तो जगभरची मुले विचारतात. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जिनिव्हातील मुलांना असेच प्रश्न विचारले होते. मी जिनिव्हाचा आहे, मग मी स्विस कसा असेन, असे सात-आठ वर्षांपर्यंतची कित्येक मुले म्हणत. एक जागा दुसऱ्या जागेच्या पोटात असते आणि माणूस एकाच वेळी दोन्हींत असतो, ही कल्पना या वयात नुसत्या शब्दांनी पोहोचत नाही. ती हाताने करून पाहता येते. आमच्या पिढीला जिल्ह्याचा भूगोल तिसरीत होता, याचा अर्थ आपल्याकडे अजून बराच वेळ आहे.

स्वयंपाकघरात एकात एक बसणारे डबे असतील तर ते काढा. सर्वांत लहान डब्यात एक चिंचोका ठेवा आणि सांगा की हे आपले घर. तो डबा गाव, त्याच्या बाहेरचा तालुका, त्याच्या बाहेरचा जिल्हा आणि सर्वांत मोठा डबा महाराष्ट्र. जिल्ह्याच्या डब्यात आपल्या तालुक्याच्या डब्याशेजारी एक छोटी वाटी ठेवा, ते आजीचे जळगाव शहर. म्हणजे 'जळगाव' हे नाव डब्याचेही आहे आणि त्यातल्या वाटीचेही आहे, हे डोळ्यांना दिसते. भारतासाठी मात्र डबा न घेता परात घ्यावी, कारण परातीत महाराष्ट्राच्या शेजारी गुजरातचा दुसरा डबा ठेवता येतो आणि त्यात सुरतेची वाटी ठेवता येते. पप्पा कोणत्या डब्यात आहेत आणि कोणत्या परातीत आहेत, हे त्याला शोधू द्या. उत्तर आपण सांगू नका. दोन दिवस चुकेल, चुकू द्या.

आता नकाशाविषयी. तो भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरावा, एवढा एकच बदल केला तरी निम्मे काम होते. भिंतीवर उत्तर ही दिशा 'वर' जाते आणि दक्षिण 'खाली' येते, आणि पाणी खाली वाहते हे तर मुलाला पक्के ठाऊक असते. त्यामुळे सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहाव्यात असे त्याला वाटते, आणि खरे सांगायचे तर हा समज बाळगणारी मोठी माणसेही मी पाहिली आहेत. अंगणात नकाशा अंथरून त्याची उत्तर बाजू खऱ्या सातपुड्याकडे करा. मग कागदावरचा सातपुडा आणि समोरचा सातपुडा एकाच बाजूला येतात. तुमच्या गावाचे हे मोठे भाग्य आहे. अमळनेरात आम्हाला दिशा दाखवायला असा डोंगर नाही.

दिशांची नावे शिकवताना उगवतीकडे तोंड करून उभे करावे. उजवा हात ज्या बाजूला येतो ती दक्षिण. 'दक्षिण' या संस्कृत शब्दाचा अर्थच उजवा असा आहे. प्रदक्षिणा घालताना आपण देवाला उजव्या बाजूला ठेवतो, तोच हा शब्द. मुलाला व्युत्पत्ती सांगायची गरज नाही, पण आई-वडिलांना ती माहीत असली की दिशा विसरत नाहीत. फक्त एक सावधगिरी घ्यावी. सूर्य बरोबर पूर्वेला मार्च आणि सप्टेंबरच्या 21-23 तारखांच्या सुमारासच उगवतो. हिवाळ्यात तो आग्नेयेकडे सरकलेला असतो आणि उन्हाळ्यात ईशान्येकडे. 'सूर्य उगवतो ती पूर्व' हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला पुरेसे आहे, पण चौकस मुलगा डिसेंबरात आपल्याला पकडेल, म्हणून सांगून ठेवले.

जिल्ह्याचा नकाशा समजण्याआधी घराचा नकाशा समजला पाहिजे. अंगणात रांगोळीने किंवा खडूने घराच्या खोल्या आखा, चूल, देवघर, कॉट, दार यांच्या जागी खडे ठेवा आणि घरात एक वस्तू लपवून तिची जागा या आखणीवर दाखवा. तो घरात जाऊन वस्तू शोधून आणील. जूडी डिलोश या अमेरिकी संशोधिकेने 1987 साली खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणे लपवून असाच प्रयोग केला होता. अडीच वर्षांच्या मुलांना प्रतिकृतीवरून खऱ्या खोलीतले खेळणे शोधता येत नव्हते आणि तीन वर्षांच्या मुलांना ते सहज जमत होते. आपला मुलगा पाच वर्षांचा आहे, म्हणजे या खेळासाठी तो केव्हाच तयार झालेला आहे.

उत्तर: नंदुरबारहून एक आई

गुरुजींचे डब्यांचे म्हणणे मला पटले, परंतु आधी घर, मग गाव, मग तालुका, असा क्रम कटाक्षाने पाळावा या मताशी मी सहमत नाही. माझ्या मुलीला पाचव्या वर्षी आमच्या तालुक्यात काडीचाही रस नव्हता. तिला पेंग्विन हवे होते, आणि पेंग्विन जिथे राहतात तिथे कोणती बस जाते हे हवे होते. आम्ही एका जुन्या चेंडूवर जमिनीच्या जागी डिंक लावून रवा चिकटवला आणि समुद्राची जागा गुळगुळीत ठेवली. माँटेसरी पद्धतीच्या बालवाड्यांत पहिला पृथ्वीगोल असाच असतो. त्यावर जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असते, म्हणून डोळे मिटूनही ते ओळखता येते. तिने दोन महिने तो चेंडू सोबत घेऊन झोपण्याचा हट्ट धरला आणि रवा सगळ्या अंथरुणात झाला, पण जगात जमिनीपेक्षा पाणी जास्त आहे हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

सुरतेविषयी मात्र मला अनुभवाने काही सांगता येईल, कारण आमच्या घरातलेही दोघे तिकडे आहेत. लहान मुलाला किलोमीटर कळत नाहीत. तुम्ही एका जाड दोऱ्यात मणी ओवा, एक मणी म्हणजे एक स्थानक. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उकाई-सोनगढ, व्यारा, बारडोली, उधना आणि सुरत. मधली लहान स्थानके मी गाळली आहेत, कारण फार मणी झाले की मूल कंटाळते. पप्पा गाडीत बसले की फोनवर स्थानकाचे नाव विचारायचे आणि तो मणी सरकवायचा. 'दूर' या शब्दाला माझ्या मुलीने अर्थ दिला तो या मण्यांमुळे. ती अजूनही म्हणते की अमळनेर चार मण्यांवर आहे. (मोजताना ती स्वतःचा मणीही धरते, त्यामुळे तिचा हिशेब नेहमी एकने जास्त भरतो.)

या माळेतला नवापूरचा मणी रंगीत घ्या. नवापूरचे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरच आहे. फलाटाचा एक भाग आपल्या राज्यात आणि दुसरा गुजरातेत येतो, आणि तिथे एक बाक असा आहे की त्यावर शेजारी बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. आम्ही मुलीला मुद्दाम तिथे उतरवले. तिने आधी सीमेची रेघ शोधली, जमिनीवर ठळक रेघ नाही म्हणून ती नाराज झाली, आणि मग एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून बराच वेळ उभी राहिली. राज्य बदलते आणि माती तीच राहते, झाडेही तीच राहतात, हे नकाशातल्या दोन वेगळ्या रंगांवरून कोणत्याही मुलाला कळणार नाही. तिला तर गुजरात गुलाबी असेल असे वाटले होते.

उत्तर: पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला एक वाचक, धुळे

तापी आडवी का वाहते, हा प्रश्न बाजूला पडू नये म्हणून लिहीत आहे.

आपला खान्देश हा दोन भिंतींमधला सखल पट्टा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या खोलगट भागातून तापी. हा सगळा पट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत जातो, म्हणून महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या पूर्वेकडे गेल्या तरी तापी मात्र नर्मदेप्रमाणे पश्चिमेकडे जाते. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे ती उगम पावते (मूळतापीवरून मुलताई हे नाव पडले, असे सांगतात) आणि सुमारे 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ताई, तुमच्या मुलाच्या गावाजवळून जाणारे पाणी त्याच्या वडिलांच्या गावाला जाते. याहून चांगला धडा मला तरी दुसरा सुचत नाही.

हे अंगणात करून दाखवता येते. हातभर रुंद आणि दोन-तीन हात लांब अशी जागा घ्या आणि उगवतीची बाजू माती टाकून वीतभर उंच करा, मावळतीची तशीच राहू द्या. दोन्ही कडांना लांबट वरंबे घाला. सातपुड्याकडचा वरंबा खरोखर सातपुड्याच्या बाजूलाच आला पाहिजे. नुसती काळी माती वापरू नका, ती ओली झाली की हाताला चिकटते आणि सगळा सातपुडा मुलाच्या तळव्याला लागून येतो. निम्मी वाळू मिसळली की काम होते. मावळतीच्या टोकाला एक पसरट ताट पुरून ठेवा, तो समुद्र. आता उगवतीच्या टोकाला तांब्याने बारीक धार धरा. पाणी मधल्या खोलगटातून आपली वाट स्वतःच काढते. मुलाला आधी विचारा की पाणी कुठे जाईल, आणि त्याने बोट दाखवल्यावरच धार सोडा.

मग वरंब्यांवरही थोडे थोडे पाणी ओता. उत्तरेच्या वरंब्यावरून उतरणारे ओघळ म्हणजे तुमच्याकडच्या सुकी, मोर, अनेर या नद्या. दक्षिणेकडून येणाऱ्या म्हणजे वाघूर, गिरणा, बोरी आणि आमची पांझरा. प्रत्यक्षात गिरणा, पांझरा यांचा उगम थेट सह्याद्रीकडे आहे, पण अंगणात एवढी अचूकता नको. दोन-तीनदा पाणी ओतले की कडेची माती कातरली जाऊन लहान लहान घळी पडतात. तापीच्या काठची खोल घळींची जमीन तुम्ही पाहिलीच असेल. तीही अशाच रीतीने झाली आहे. ही गोष्ट मला नोकरी लागल्यावर कळली, ती पाच वर्षांच्या मुलाला अंगणात दिसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

एक प्रश्न तो हमखास विचारील: मी पुलावरून कागदाची होडी सोडली तर ती पप्पांना मिळेल का? कृपया 'हो' म्हणू नका. कागद काही तासांतच विरघळतो हे एक, आणि वाटेत भिंती आहेत हे दुसरे. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बंधारे आहेत. पुढे गुजरातेत 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाईचे प्रचंड धरण आहे आणि त्याच्याखाली काकरापारचा बंधारा आहे. अंगणातल्या नदीत आईस्क्रीमच्या काड्या उभ्या रोवून हे बंधारे घालता येतात. पाणी अडते, तुंबते, बाजूला पसरते आणि मग काडीवरून किंवा शेजारून निघून जाते. धरण म्हणजे काय, हे सांगायला मला आजवर याहून चांगले साधन मिळालेले नाही, आणि मी अभियंत्यांनाही ते सांगितले आहे.

उत्तर: अमळनेरचे निवृत्त शिक्षक

नंदुरबारच्या ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. वर्गात चाळीस मुले असताना घर ते गाव ते तालुका हा क्रम सोयीचा पडतो आणि पुढे आम्ही त्यालाच तत्त्व समजू लागतो. घरी एकच मूल असेल तर त्याला ज्या ठिकाणाची ओढ आहे तिथूनच सुरुवात करावी. या मुलाच्या बाबतीत ते ठिकाण सुरत आहे, हे मी आधीच ओळखायला हवे होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: केळीच्या बागेशेजारून

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, जे घडले ते लिहिते.

नदी सर्वांत जास्त चालली. रोज संध्याकाळी अंगणात चिखल होतो आणि सासूबाईंची त्याबद्दल तक्रार आहे, परंतु आता त्याच त्याला 'मुलताईला पाणी घाल' असे सांगतात. होडीचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला. मी काड्या रोवून दाखवल्या, तेव्हा त्याने प्रत्येक काडीपाशी होडी उचलून पलीकडे ठेवली आणि 'तिथल्या काकांनी उचलली' असे सांगितले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

डब्यांचा खेळ अर्धा जमला. जळगावचा डबा आणि जळगावची वाटी त्याला लगेच समजली. परातीची गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या पद्धतीने घेतली. वडील सुट्टीवर आले तेव्हा त्याने सुरतेच्या वाटीतला चिंचोका काढून आमच्या डब्यात आणून ठेवला, आणि ते परत गेल्यावर पुन्हा नेऊन ठेवला. आपण सगळे परातीतच होतो का, असे मी विचारले तर म्हणाला, "परातीत तर होतोच, पण डब्यात नव्हतो." हे त्याला समजले आहे असे मी धरते. मण्यांची माळ दाराच्या कडीला टांगली आहे.

अडचण एकच राहिली आहे. गेल्या रविवारी आम्ही जळगावला आजीकडे होतो. तापी कुठे आहे असे विचारल्यावर त्याने ठामपणे दक्षिणेकडे हात केला, कारण आमच्या घरून ती दक्षिणेलाच आहे. जळगावहून ती उत्तरेला येते, हे त्याला काही केल्या पटेना. नदी इकडून तिकडे गेली का, असे त्याने मलाच विचारले. हे कसे समजवावे?

उत्तर: अमळनेरचे निवृत्त शिक्षक

ताई, हे घरात बसून समजणार नाही. यावलहून भुसावळकडे येताना तापीचा पूल लागतो. पुढच्या खेपेला बसमध्ये त्याला खिडकीशी बसवा आणि पूल येण्याआधी विचारा की नदी पुढे आहे की मागे. पूल ओलांडला की पुन्हा तेच विचारा. नदी जागची हललेली नाही, आपण तिच्या पलीकडे आलो आहोत, हे तो स्वतःच सांगेल. नाही सांगितले तर येताना उलट दिशेने पुन्हा विचारावे. अंगणातल्या नदीवर हाच खेळ एका चिंचोक्याने करता येईल; चिंचोका एकदा सातपुड्याच्या बाजूला आणि एकदा अजिंठ्याच्या बाजूला ठेवायचा, आणि त्याला तिथे बसून बोलायला लावायचे. मोठी माणसेही नवीन शहरात दिशा चुकतात ती याच कारणाने, तेव्हा त्याला दोन-चार फेऱ्या लागल्या तर लागू द्याव्यात.